एझिकिएल उर्फ हसाजी

मी माझ्या मित्राच्या अर्जावर त्याचं नाव चुकीचं लिहिलं. माझा अर्ज मात्र मी बिनचूक भरला.

या गोष्टीला साठ वर्षं होत आली, आणि ज्याचं नाव मी चुकवलं तो हसाजी वावंजेकर पाच आठवड्यांपूर्वी तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला, वारला. मी आता खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्या सकाळी कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत असताना फोन वाजला. पलीकडे त्याची थोरली बहीण होती, मिल्काताई. या जगात मला 'मध्या' म्हणणारं आता तेवढंच एक माणूस उरलं आहे. "मध्या, हसा गेला," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" मग ती शांतपणे म्हणाली, "तू अजून तसाच आहेस." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खाली बसलो, आणि बसताना चष्मा कपाळावरून मांडीत पडला.

हसाजी आमच्या समोरच्या घरातला. पनवेलच्या इस्रायल आळीचं शेवटचं घर त्यांचं आणि तिथून पुढे आमची आळी सुरू. पुढे कुणीतरी समजावून सांगेपर्यंत मला वाटायचं, ज्यू हे पनवेल तालुक्यातलंच काहीतरी आहे. त्याची आई नऊवारी नेसायची, बिरड्याची उसळ माझ्या आईपेक्षा चांगली करायची (हे वाक्य माझी आई असेतो लिहिण्याची माझी छाती झाली नसती), आणि प्रार्थनेला जायचं तर 'मशिदीत जाऊन येते' म्हणायची, कारण ते लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. फरक काय तो शनिवारचा. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की शनिवारी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत त्या घरात कुणी विस्तव पेटवायचं नाही, लिहायचं नाही, कामाला हात लावायचा नाही. पण चहा तर लागतोच. त्यामुळे मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून दर शनिवारी सकाळी त्यांची चूल पेटवायला जात असे. पुढे चुलीचा स्टोव्ह झाला, मी कॉलेजात गेलो, मला मिशा फुटल्या, तरी सुट्टीत घरी असलो की शनिवारी समोरून हाक यायचीच, "मधू, येतोस ना रे बाळा?" स्टोव्हला पिन मारायला मी जो शिकलो तो तिथेच, आणि चार वर्षांच्या इंजिनियरिंगमध्ये त्याहून उपयोगाचं काही शिकल्याचं मला आठवत नाही.

हसाजी नावाचा माणूस हसरा असेल असं कुणालाही वाटेल. तो आठवड्यातून एखाद वेळा हसायचा, आणि तेही आपण विनोद केला म्हणून नव्हे, आपण पडलो म्हणून. काही विचारलं की आधी खाली जमिनीकडे बघायचा, उत्तर मनात नीट लावून घ्यायचा आणि मग बोलायचा. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून क्वचित यायचा. नाही म्हणायचं असलं की 'बघू' म्हणायचा, आणि त्याने 'बघू' म्हटलं की ते काम होणार नाही हे सगळ्या आळीला माहीत असायचं. त्याला वेड होतं पाण्याचं. शाळेत असताना त्याने एका बांबूवर खुणा करून तो खाडीच्या पुलाशी रोवला होता आणि भरती-ओहोटीचं पाणी कुठवर आलं ते वहीत टिपून ठेवायचा. मी सोबतीला. माझं काम बांबू सरळ आहे की नाही ते लांबून बघून सांगणं. एकदा मी एवढा लांब गेलो की चिखलात कमरेइतका रुतलो. मला ओढून काढायला मिठागरावरची माणसं आली, आणि हसाजी त्या दिवशी अर्धा तास हसला.

दोघेही सिव्हिल इंजिनियर झालो. तो पहिल्या वर्गात, मी पासाच्या यादीत जिथे नावं संपतात त्याच्या थोडं वर. त्याला पुढे पाण्याच्या विषयात, हायड्रॉलिक्समध्ये, पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं होतं. त्या काळी असे अभ्यासक्रम देशात बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्या दूरच्या संस्थेवर त्याची नजर होती तिथे या विषयाला जागा फक्त सहा. आधी प्रवेश परीक्षा, मग अर्ज, मग निवड. माझा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता, पण तो बसतोय म्हणून मीही बसलो. त्याच्या दृष्टीने मात्र या परीक्षेला फार अर्थ होता. वडील, मुसाजीकाका, मामलेदार कचेरीतली नोकरी पुरी होण्याआधीच गेले होते. मामा इस्रायलला जाऊन स्थिरावले होते आणि दर पत्रात 'आता तुम्हीही या' असा धोशा होता. आळीतली एकेक घरं बंद होत चालली होती. आईने मामांना कळवलं होतं, की हसाला प्रवेश मिळाला तर आम्ही इथेच राहू, नाही मिळाला तर येऊ. हसाजीला जायचं नव्हतं. तसं तो कधी बोलला नाही, पण पुलावरून येताना एकदा म्हणाला, "तिकडे म्हणे नदी अशी एकच आहे... आणि तीही मधू, आपल्या गाढीएवढी." हे सांगताना त्याचा चेहरा असा होता, की जणू कुणी त्याला उपाशी ठेवणार आहे.

परीक्षा मुंबईत होती. सगळं जग तेव्हा पनवेलहून मुंबईला एसटीने ठाण्यावरून जायचं. हसाजी म्हणाला, आपण उरणला जाऊ, मोऱ्याच्या बंदरातून लाँच घेऊ, म्हणजे भरतीचं पाणी बघत जाता येईल. मी हो म्हणालो. लाँच हलायला लागली आणि माझ्या पोटातलं सगळं हलायला लागलं. भाऊच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा माझा रंग उकडलेल्या दुधीसारखा झाला होता. पहिला पेपर मी डुलत लिहिला. हसाजीने आपला पेपर अर्धा तास आधी संपवला आणि उरलेला वेळ, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, माझ्या पाठीकडे बघत 'हा आता ओकतोय की मग' असा विचार करत काढला. तरीही दोघे पास झालो. त्याचा नंबर बराच वर, माझा कुंपणावर.

निकालासोबत प्रवेशाचे अर्ज आले ते एका शुक्रवारी दुपारी. मंगळवारच्या आत अर्ज पोचायला हवे होते, म्हणजे शनिवारी दुपारच्या टपालाने गेले तरच. हसाजी तेव्हा मोऱ्याच्या धक्क्याच्या दुरुस्तीवर एका कंत्राटदाराकडे हंगामी कामाला होता. तो घरी पोचला तेव्हा आई दिवे लावायच्या तयारीत होती. त्याने अर्ज बघितला, तारीख बघितली, खिशातून पेन काढलं आणि दारातच उभ्याने, कोऱ्या अर्जाच्या तळाशी सही केली. मग अर्ज आणि पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाकीचं तू भर. उद्या टाकून दे." आतून काडी ओढल्याचा आवाज आला. कोऱ्या कागदावर सही करून त्याने तो माझ्या हाती दिला होता. पुढच्या आयुष्यात माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नाही, आणि ते बरोबरच केलं.

शनिवारी सकाळी मी त्यांचा स्टोव्ह पेटवून आलो आणि घरी टेबलाशी बसलो. आधी माझा अर्ज भरला, सुवाच्य अक्षरात. मग त्याचा पुढ्यात घेतला. पहिलाच रकाना, उमेदवाराचं पूर्ण नाव. आणि तिथे माझं पेन अडलं. गावाला तो हसाजी. शाळेच्या हजेरीत हसाजी. पण मॅट्रिकच्या फॉर्मवर त्याच्या वडिलांनी मूळ धर्मग्रंथातलं नाव घातलं होतं, एझिकिएल. वडील स्वतः मुसाजी, कागदोपत्री मोझेस, तसंच हे. त्यामुळे परीक्षेला बसला तो एझिकिएल मोझेस वावंजेकर. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला स्पेलिंग येत नव्हतं! झेड की एस, आणि शेवटी आय आधी की ई आधी, काही केल्या आठवेना. त्याचा अर्ज ज्या पाकिटातून आला ते बघावं तर त्यावर टाइप केलेलं, 'ई. एम. वावंजेकर', आणि अर्जाच्या तळाशी त्याची सहीही तशीच, आद्याक्षरांची. वावंजेकर मी डोळे मिटून लिहिलं असतं.

समोर जाऊन विचारायला वीस पावलं चालायला हवी होती. पण हसाजी आईबरोबर मशिदीत गेलेला आणि घरात मिल्काताई. मिल्काताई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला जाऊन मी विचारायचं, की ताई, मी इंजिनियर झालोय, पण तुझ्या भावाचं नाव कसं लिहितात? सोमवारी सगळ्या शाळेला आणि मंगळवारी सगळ्या पनवेलला ते कळलं असतं. मी विचार केला, माणूस तर तोच आहे, परीक्षेचा नंबर बरोबर आहे, कोण बघतंय नाव! आणि खुशाल लिहून टाकलं, 'हसाजी मोझेस वावंजेकर'. पाकीट चिकटवलं, पोस्टात टाकलं आणि येताना स्वतःवर खूश होऊन मिसळ खाल्ली.

सहा आठवड्यांनी दोघांना एकाच दिवशी पत्रं आली. माझ्यात होतं, की मी प्रतीक्षा यादीत पहिला आहे. आयुष्यात कशात तरी पहिला आलो म्हणून ते पत्र नाचवत मी समोर गेलो, तर हसाजी ओट्यावर आपलं पत्र मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत बसला होता. त्याच्या पत्राचा मथितार्थ असा: आपण दिलेल्या क्रमांकावर एझिकिएल नावाचा उमेदवार परीक्षेला बसला होता. हसाजी नावाचा कुणी बसलेला नाही. अर्जावर नाव एकाचं दिसतं आणि सही दुसऱ्याची. तरी अमुक तारखेच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत पुराव्यासह समक्ष येऊन खुलासा करावा, नपेक्षा जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या उमेदवारास देण्यात येईल.

प्रतीक्षा यादीतला पहिला उमेदवार हातात पत्र धरून त्याच्यासमोर उभा होता.

"घाई होती रे... सगळे हसाजीच म्हणतात, हातातून तेच उतरलं," मी म्हणालो. स्पेलिंगचं बोललो नाही. त्याने नेहमीप्रमाणे थोडा वेळ घेतला. मग विचारलं, "तुझ्या अर्जावर तुझं नाव काय लिहिलंस?"

"मधुसूदन."

"मध्या नाही लिहिलंस?"

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण त्या प्रश्नाचा काटा तेव्हा जो रुतला तो रुतला. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं, की बाबा रे, मला तुझं नाव लिहिता येत नाही. पण मित्राची जागा खाणारा म्हणवून घेणं आणि स्पेलिंग न येणारा इंजिनियर म्हणवून घेणं, यांत मला त्या वयात दुसरं जास्त लाजिरवाणं वाटलं! यावरून मी किती शहाणा होतो ते वाचकांनी ठरवावं.

मग सुरू झाली एझिकिएल आणि हसाजी यांना एक करायची खटपट. मामलेदार कचेरीबाहेरच्या अर्जनविसाने प्रतिज्ञापत्र टाइप केलं, 'एझिकिएल उर्फ हसाजी'. लहानपणापासून ओळखणारा साक्षीदार हवा म्हणून विचुंब्याच्या धर्मादादाला आणलं. त्यांच्याकडे मुसाजीकाकांच्या वेळेपासून दूध घालणारा, शेतात आणि मिठागरात राबलेला सरळ माणूस. कारकुनाने त्याला विचारलं, "हा एझिकिएल, याला तुम्ही जन्मापासून ओळखता?"

"नाय," धर्मादादा म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"त्यो कोन हाय मना ठाव नाय. यो आमचा हसाजी हाय."

"अहो, हसाजी म्हणजेच एझिकिएल."

"असंल. आमी नाय बगला कदी." त्याला खोटी साक्ष द्यायची नव्हती. अर्धा तास मी त्याला समजावत होतो, आणि प्रत्येक वेळी तो माझ्याकडे अशा संशयाने बघायचा, की हा पोरगा भलत्याच माणसाला आमच्या हसाजीच्या नावावर चढवतोय. शेवटी हसाजीनेच त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "दादा, बाबांनी ठेवलेलं नाव आहे." मुसाजीकाकांचं नाव निघताच दादाने बोटाला शाई लावून घेतली. अंगठा उठवून झाल्यावर मला म्हणाला, "तुला म्हाईत व्हता, तर तू का नाय लिवला?" कचेरीतला एकही माणूस माझ्या मदतीला आला नाही.

आम्ही गुरुवारी निघालो. कल्याणहून गाडी, शुक्रवारी दुपारी पोचायचं, एक दिवस हाताशी ठेवून. पण वाटेत कुठेतरी मालगाडी रुळावरून घसरली होती आणि आमची गाडी एका ओसाड स्टेशनात तासन्‌तास उभी राहिली. शुक्रवारचा सूर्य हसाजीने त्या स्टेशनच्या फलाटावर उभं राहून मावळताना बघितला. आम्ही पोचलो ते शनिवारी सकाळी साडेदहाला. संस्थेच्या कचेरीत जाड भिंगांचे एक हेडक्लार्क होते. मनाने वाईट नव्हते. त्यांनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं, 'उर्फ'वर बोट ठेवून हसले, आणि एक छापील कागद पुढे सरकवला. "नावात दुरुस्ती करून मिळावी म्हणून इथे लिहा, खाली माझ्यासमोर सही करा. जागा तुमची." त्यांनी टाकात दौत... छे, दौतीत टाक बुडवून पुढे धरला. बघा, अजूनही तो प्रसंग लिहिताना माझा हात उलटसुलट चालतो.

हसाजीने टाक घेतला नाही. "संध्याकाळी चांदण्या दिसल्या की करतो," म्हणाला.

"बाराला कचेरी बंद होते."

"मग उद्या."

"उद्या रविवार. आणि यादी आज दुपारी वर जाते." हेडक्लार्कनी चष्मा काढला. "सही करायची ना नुसती... कशाला अडलंय?"

मी त्याला व्हरांड्यात ओढलं. आईला कळणार नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, "मला कळेल." सकाळी आगगाडीत बसला होतास ते चाललं का, असं मी तावातावाने विचारलं. "गाडी मी चालवत नव्हतो," तो म्हणाला. मग मला सुचलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "मी करतो तुझी सही. मला येते. एवढी वर्षं शनिवारी तुमच्या घरचं मीच करतोय ना!" त्यावर त्याने जमिनीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडे बघत म्हणाला, "स्टोव्ह पेटवणं वेगळं, मधू. सही माझी आहे."

बारा वाजता हेडक्लार्कनी रजिस्टर उलटलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. यादीवर बोट फिरवत ते स्वतःशीच पुटपुटले, "पुढचे... एम. व्ही. गद्रे. यांना आता तार करायला हवी." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. तेव्हा हसाजीने माझ्या पाठीला हात लावून मला टेबलापुढे ढकललं. "तार नको," तो म्हणाला, "हाच तो." आणि मला म्हणाला, "कर सही. तुझा काही शनिवार नाही."

मी केली. हात थरथरला असं लिहायला आवडलं असतं... पण नाही थरथरला. अगदी सुवाच्य सही आली.

पनवेलमध्ये चार दिवसांत गोष्ट सगळीकडे झाली, आणि ती माझ्या बाजूने सांगणारं कुणी नव्हतं. केस कापायला गेलो तर न्हाव्यानेही विचारलं, "म्हणजे त्यांचा फॉर्म तुम्हीच भरला होता ना?" त्यानंतरच्या शनिवारी मी समोर गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार! घरात पुस्तक उघडून बसलो. नऊ वाजले, साडेनऊ झाले. मग मिल्काताई दारात उभी. "आई विचारतेय, आमचा स्टोव्ह कोणी पेटवायचा?" मी गेलो. पिन मारली, पंप मारला. हसाजी तिथेच भिंतीला टेकून बसला होता. आईने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि कुणीही त्या विषयावर बोललं नाही. पण मला वाटत राहिलं, की हे तिघेही मनात काहीतरी धरून आहेत, आणि सभ्य आहेत म्हणून बोलत नाहीत.

मी संस्थेत गेलो आणि दोन वर्षांनी कसाबसा बाहेर पडलो. नंतर पाटबंधारे खात्यात अशी नोकरी केली, की माझ्या निवृत्तीने एकाही धरणाला काही फरक पडला नाही. दरम्यान हसाजी, आई आणि मिल्काताई निघून गेले होते. घर बंद झालं. तिकडे त्याने वाळवंटात नळ नेले, मैलोन्‌मैल, आणि त्या कोरड्या मुलखात थेंबाथेंबाचा हिशेब लावणारा माणूस म्हणून नाव काढलं. कुठलं नाव, ते मात्र मी कधी विचारलं नाही. आमची पत्रं सुरू राहिली. तो दोन ओळी लिहायचा, मी सहा पानं. एकदाच तो पनवेलला आला, केस पिकल्यावर. आम्ही इस्रायल तळ्याला फेरी मारली, खाडीच्या पुलावर गेलो. वाटेत कुणी जुनं भेटलं की तो माझी ओळख करून द्यायचा, "हा मधू. हा माझ्या जागेवर इंजिनियर झाला." आणि हसायचा. आधी न हसणारा हा माणूस आता हसत होता, आणि त्या हसण्यात काय आहे ते मला कळत नव्हतं. चार दिवस तो माझ्या घरी राहिला. रोज वाटायचं, आज विचारू, की हसा, मी ते मुद्दाम केलं असं तुला वाटतं का रे? रोज मी त्याऐवजी 'अजून एक चपाती?' असं विचारलं. तो 'बघू' म्हणायचा.

गेल्या आठवड्यात मिल्काताईचा पुन्हा फोन आला. तिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, लोक बरेच आले होते, मराठीत बोलणारे मात्र आता हाताच्या बोटांवर, असं सांगत होती. तिचा आवाज नव्वदीला टेकलेला, पण वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा ठणठणीतपणा तसाच. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. "ताई, एक विचारू?" म्हटलं. "विचार की. परवानगी कसली मागतोस?" मग मी विचारलं. साठ वर्षं गिळून ठेवलेलं सगळं एका दमात विचारलं, स्पेलिंगचंही सांगून टाकलं. ती ऐकून घेत होती.

"वाटलं होतं त्याला," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू... तू निघून गेलास ना, तोवर वाटत होतं. आम्हाला सगळ्यांनाच. मग होस्टेलमधून तुझं पहिलं पत्र आलं, पाकिटावर इंग्रजीत 'एझिकिएल' घातलेलं. ते पाकीट हातात घेऊन हा जो हसायला लागला! बाबा गेल्यापासून आमच्या घरात तसं कुणी हसलं नव्हतं. आईला दाखवलं, मला दाखवलं. म्हणाला, 'बघा, याला माझं नावच लिहिता येत नाही. हा काय मला फसवणार!'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणालो, "अगं, मग मला कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू सुधारलं असतंस. तुझं पत्र आलं की तो आधी पाकीट बघायचा, मग पत्र फोडायचा."

"पण ताई," मी जरा दुखावूनच म्हणालो, "नंतर मी ते नीट पाठ केलं होतं. पहिलं एखादं चुकलं असेल, पुढे तर बरोबरच लिहीत होतो!"

"मध्या," मिल्काताई म्हणाली, "तुझं दिवाळीचं पाकीट आत्ता माझ्या हातात आहे. आय आणि ई अजून उलटेच आहेत. मुद्दाम चुकायला बरोबर काय ते आधी यावं लागतं रे, आणि तुला ते मरेपर्यंत येणार नाही."